रोजा आणि दंडावरचा सेन्सर

रमजानात आमच्या घरातल्या मधुमेही मंडळींचं एक वाक्य ठरलेलं असतं: "सुई टोचली तर रोजा तुटेल." मग दुपारी घाम फुटला, हात थरथरले तरी ग्लुकोमीटर कपाटातच राहतो. तपासणीसाठी बोटातून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. डॉक्टरांचे आकडेही साफ आहेत: साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली की रोजा सोडायचा, मग मगरिबला दहाच मिनिटं का उरली असेनात.

मला गॅजेटचं वेड, त्यामुळे दंडावर चिकटवायचा सेन्सर फार आवडतो. तो कातडीखालच्या द्रवातली साखर मोजून मोबाइलवर दाखवतो, ती घसरली की वाजतो. पण महाग आहे, शिवाय रक्तातल्या साखरेपेक्षा काही मिनिटं मागे चालतो. शंका आली तर बोटाचीच तपासणी करावी.

आकडा दिसूनही रोजा सोडायला माणूस कचरतो, ते मात्र लोकलाजेपायी. कुरआनने आजाऱ्याला रोजे नंतर पुरे करायची सवलत दिली आहे. ज्यांना तेही जमणार नाही, त्यांच्यासाठी फिदिया आहे. सवलत घेतल्याने ईमान कमी होत नाही, एवढं घरातल्या मोठ्यांनी दस्तरखानावर सगळ्यांदेखत म्हणावं.