भिवंडीच्या वाटेवर एक निदान

ठाण्याहून वज्रेश्वरीच्या दर्शनास निघालेल्या यात्रेकरूस बहुधा भिवंडींतूनच जावें लागतें. तथापि देवीचें वर्णन करणारे लेखक वाटेवरील या नगराविषयीं चार शब्दही लिहीत नाहींत. कशेळीचा पूल ओलांडला, कीं काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा या क्रमानें वखारींच्या रांगा लागतात; पुढें गल्लीगल्लींतून यंत्रमागांचा खडखडाट कानीं येतो. २०११ च्या खानेसुमारींत येथील लोकवस्ती सात लक्षांवर भरली. सूत, कापड आणि वखारींतील माल वाहणाऱ्या मोटारींची रस्त्यावर दाटी असावयाचीच.

गेल्या वैशाखांत आम्ही सहकुटुंब या मार्गानें निघालों. सोबत आमच्या ज्येष्ठ भगिनी होत्या. वय एक्याऐंशीं, त्यांतून हृदयविकार. सूनबाईंच्या मांडीवर सात महिन्यांचा नातू. पुलावर मोटार वेगानें धांवत होती तोंवर वातानुकूलनयंत्र छान थंड वारा देत होतें. अंजूरफाट्यास गाड्या खोळंबल्या आणि तोच वारा भट्टीसारखा झाला. बाळ रडूं लागलें; अक्कांस घाम फुटला. चिरंजीवांनीं एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्यास दूरध्वनीवरून विचारलें. त्यानें गाडी न पाहतांच ‘कॉम्प्रेसर गेला, नवा घालावा लागेल’ असा निकाल देऊन वीस हजारांवर खर्च सांगितला. परतावें कीं पुढें जावें, हा प्रश्न पडला.

रस्त्याकडेच्या एका लहानशा दुकानांत एक वयस्क कारागीर बसला होता. अक्कांस पंख्याखालीं बसवून त्यानें पहिला प्रश्न केला, “बाबा, गाडी पळते तेव्हां गार होतें का?” हा प्रश्न ऐकून आम्हांस आमच्या गांवचे वैद्य आठवले. उभ्या गाडींत उष्ण, धांवत्या गाडींत शीत. अन्वय आणि व्यतिरेक एकाच प्रश्नांत सांपडले!

आतां या यंत्राची रीत थोडक्यांत सांगतों. नळ्यांतून जो वायु फिरतो, तो बहुतेक गाड्यांत ‘आर-१३४ए’ या नांवाचा असतो. साध्या हवेच्या दाबाखालीं तो शून्याखालीं सुमारें २६ अंशांवरच उकळतो. कॉम्प्रेसर त्यास दाबून तप्त करितो. पुढील जाळीमागें असलेल्या कंडेन्सरमध्यें तो आपली उष्णता बाहेरच्या हवेस देऊन द्रवरूप होतो. मग अरुंद झडपेंतून सुटून आंतील कॉईलमध्यें त्याचें बाष्प होतें आणि तो गाडींतील उष्णता शोषून घेतो. म्हणजे हें यंत्र शीतता निर्माण करीत नाहीं. आंतील उष्णता बाहेर नेऊन टाकतें. बाहेरची वाट बुजली, कीं आंत गारवा कोठून येणार?

कारागिरानें बॉनेट उघडलें. कॉम्प्रेसरचा क्लच धरीत होता. कंडेन्सरचा पंखाही फिरत होता. मग त्यानें जाळींतून पाहिलें, तों कंडेन्सरवर धूळ आणि कापसाचे तंतू यांचा नमद्यासारखा थर! त्यानें त्यावर हळूहळू पाणी सोडलें. थोड्याच वेळांत उभ्या गाडींत थंड वारा येऊं लागला. आयुर्वेदांत निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति अशीं रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत. ज्या उपायानें आराम पडतो त्यावरून रोग ओळखणें, तो उपशय. तो आम्हीं येथें रस्त्यावर पाहिला.

पुढील जाळी काढून त्यानें मंद धारेनें कंडेन्सर धुतला. जोराच्या धारेनें पातळ पत्रे वांकतात, असें तो म्हणाला. मजुरी घेतली तीनशें रुपये. “याची पुरी परीक्षा करावयाची तर दाब मोजावे लागतात,” असें सांगून त्यानें चिरंजीवांस आपलें मापकही दाखविलें. दोन्ही बाजूंचे दाब कमी आले तर वायु गळाला असा संशय घ्यावा. एकीकडचा फार चढला तर कंडेन्सरास हवा मिळत नाहीं. आणि वरचा उतरून खालचा चढला, तरच कॉम्प्रेसरकडे बोट दाखवावें.

दुपारीं आम्ही वज्रेश्वरीस पोंचलों. चिमाजी आप्पांनीं वसईच्या मोहिमेंत नवस केला आणि १७३९ सालच्या विजयानंतर तो फेडला, अशी या मंदिराची ख्याति आहे. अक्कांनीं पायऱ्या टाळून खालूनच हात जोडले. त्यांची मुद्रा प्रसन्न होती.

ज्या गृहस्थांच्या घरीं मोटार आहे त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. वारा मुळांतच कमी येत असेल तर आंतील गाळणी पाहावी. वारा भरपूर पण उष्ण असेल, तर तो केव्हां उष्ण होतो हें दुरुस्तीवाल्यास सांगावें. दरवर्षीं कोणी ‘गॅस भरा’ म्हणाला, तर गळती कोठें आहे असें विचारावें. कारण बंद नळ्यांतील वायु झिजून संपत नाहीं, आणि बाहेर गेल्यास तो कर्बद्विप्राणिल वायूच्या हजारपटींहून अधिक ताप पृथ्वीस देतो. आणि जो गाडी न पाहतां भाग बदलावयास सांगेल, त्यास नमस्कार करून पुढें जावें.