उलट टपाली

मेरीलँडला आले तेव्हा नोकरीचा परवाना नव्हता, आणि दिवस खायला उठायचा. शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी फारशी चौकशी न करता एका सकाळी मला गाडीत घातलं आणि थेट चेसापीक उपसागराकाठी कॅल्व्हर्ट क्लिफ्सला नेलं.

तिथले कडे म्हणजे साधारण 1 ते 2 कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा तळ. ते ढासळतात आणि आतले शार्कचे दात वाळूत येतात. कड्यांखाली जायला मनाई, खणायलाही. किनाऱ्यावर सापडेल तो दात मात्र खुशाल घरी न्यावा. सांगाडे का नाही सापडत, असं मी विचारलं. “हाडं असतील तर सापडतील ना!” बाई म्हणाल्या, आणि मला मालवणची मोरी आठवली. तीही शार्कच. आमच्याकडे पोरांच्या पानात ती निर्धास्त वाढतात, कारण काटा नाही, मधे नुसती कूर्चा. ती कुजून जाते, उरतात दात. तेही जन्मभर पडतात आणि नवे येत राहतात, म्हणून एकेका माशाचे हजारो.

बाईंनी मला एकही दात उचलून दिला नाही. त्यांना तो दिसलेला असायचा. त्या तिथेच उभ्या राहायच्या, तोंड पाण्याकडे करून, आणि मला सापडेपर्यंत हलायच्या नाहीत. लाट मागे सरते तिथली बारीक खडी बघायची. ओले असताना सगळेच खडे चमकतात. वाळल्यावरही चमकतो तो दात. वादळानंतर, ओहोटीला यायचं, शक्यतो थंडीत, कारण उन्हाळ्यात पाण्यात जेलीफिश. माझा पहिला दात नखाएवढा, राखाडी, कडेला करवतीसारखे दाते. “हेमिप्रिस्टिस,” बाई म्हणाल्या. “ही जात संपली. हिचं एक भावंड तुमच्या हिंदी महासागरात अजून पोहतंय.”

येणाऱ्या प्रत्येकाला हवा असतो मेगॅलोडॉनचा, हाताच्या पंजाएवढा. बाईंना त्याचं कौतुक नव्हतं. मलाही नाही. (सापडला तर सोडणार नाही, ते वेगळं.)

एकदा पेट्रोलचे पैसे पुढे केले, तर त्यांनी माझ्या डब्यातली उरलेली शंकरपाळी तोंडात टाकली आणि विषय संपवला.

गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर बाई मुलीकडे ॲरिझोनाला गेल्या. आता मी दात टपालाने पाठवते आणि उलट टपाली चिठ्ठी येते. परवाची अशी: “टायगर शार्क. मूळ तुटलंय. घाईघाईत चालतेस अजून.”