परिचयात ‘सुद्धा’ नको!

‘आजच्या वक्त्यांना परिचयाची गरजच नाही’ असं म्हणून पुढची सात मिनिटं परिचय करून देणारा माणूस तुम्हीही ऐकलाय ना? आपली ही हौस जुनीच. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. वेब डेव्हलपर्सच्या कॉन्फरन्समध्ये सतरंजीच्या जागी एसी हॉल आला, शाल-श्रीफळाच्या जागी टी-शर्ट आणि स्टिकर आले, एवढाच काय तो फरक.

मी मूळचा राजापूरचा, नोकरीला पुण्यात. गेली काही वर्षं अशाच एका कॉन्फरन्सच्या स्पीकर कमिटीवर आहे. कम्युनिटी कॉन्फरन्स म्हणजे पगार शून्य, वीकएंड खल्लास आणि मित्रांचे रुसवे फुकट. ‘माझा टॉक का नाही घेतलास?’ हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही विचारला गेलाय!

२००५ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या बारकॅम्पने हा गुंताच काढून टाकला होता. निवड वगैरे नाहीच. सकाळी यायचं, भिंतीवर आपला विषय लावायचा आणि बोलायचं. सही आयडिया! पण लोक तिकीट काढून, नाशिक-कोल्हापूरहून रात्रीची एसटी पकडून येणार असतील, तर त्यांना काय ऐकायला मिळेल हे आधी सांगावंच लागतं. मग निवड आली आणि निवडीबरोबर ओळखीपाळखी आल्या.

त्यावरचा सध्याचा फंडा म्हणजे नावं झाकून वाचन. २०१२ साली बर्लिनच्या जेएसकॉन्फ ईयूमध्ये असंच केलं, आणि वक्त्यांमध्ये बायकांचं प्रमाण २५ टक्के झालं. अर्थात नुसती नावं झाकून हे झालं नाही. ‘तुम्ही प्रस्ताव पाठवा’ असं त्यांना आधी आवर्जून सांगितलं गेलं होतं. झाकणं सोपं असतं, बोलावणं कष्टाचं.

आम्हीही नाव, कंपनी, गाव सगळं झाकतो. पण एक गोष्ट काही केल्या झाकता येत नाही, ती म्हणजे इंग्रजी.

त्या वर्षी एक प्रस्ताव आला होता. विषय होता, नेटवर्क अर्धमेलं असताना मराठी वेबसाइट कशी उघडेल. इंग्रजी मोडकंतोडकं, दोन वाक्यांत तीन काळ. कमिटीतल्या दोघांनी पाचपैकी दोन गुण दिले. ‘क्लॅरिटी नाही’ असा शेरा. मी तो तीनदा वाचला. मुद्दा लख्ख होता. देवनागरी फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा जड, कारण जोडाक्षरांच्या कितीतरी आकृत्या तिच्यात असतात. ती हलकी करायच्या नादात अक्षरं जोडण्याचे नियमच कापले गेले, तर ‘प्रश्न’ लिहिलेलं पडद्यावर हलंतासकट फुटून दिसतं. हे ज्याने स्वतः भोगलंय तोच लिहू शकतो.

मग ठरलं, काठावरच्या सगळ्यांना फोन करायचा आणि हव्या त्या भाषेत दहा मिनिटं बोलू द्यायचं. नाव उघडलं तर मुलगी राजापूरची निघाली! तिथेच राहून, घरून काम करणारी.

‘सर, मराठीत बोलले तर चालेल?’ इथून सुरुवात. मी जवाहर चौकातला म्हटल्यावर सरांचा दादा झाला आणि ती सुटलीच. ‘दादा, पावसात चौकात पाणी भरतं ना, लाइट जाते, टॉवर कसाबसा चालू असतो. त्याच वेळी लोकांना दुकान उघडं आहे का ते बघायचं असतं. आणि आपलं पान पहिलं काय उतरवतं? सहा फोटोंचा स्लायडर!’ मग तिने सांगितलं की ती मजकूर आधी दाखवते, तोही फोनमधल्याच फॉन्टमध्ये. सजावटीचा फॉन्ट आला तर मागाहून येतो. दहाची पंचवीस मिनिटं झाली. गुण पुन्हा दिले, पाचपैकी पाच. ज्यांनी आधी दोन दिले होते त्यांनीही.

आता परिचयाचं काम माझ्याकडे. माझे नियम साधे आहेत. पंचेचाळीस सेकंद, पुरस्कारांची यादी नाही. श्रोत्यांनी हा माणूस याच विषयावर का ऐकावा, तेवढं सांगायचं आणि बाजूला व्हायचं. नावाचा उच्चार वक्त्यालाच विचारायचा. आणि शेवटचा प्रश्न सगळ्यांना एकच: ‘काय सांगू नको?’ यावर फार मजेशीर उत्तरं मिळतात. एकाने जुन्या कंपनीचं नाव घेऊ नका म्हटलं, एकाने वय.

एका उत्साही सहकाऱ्याने तिचा परिचय आधीच टाइप करून पाठवला होता. ‘राजापूरसारख्या छोट्या गावात राहूनसुद्धा...’ तिला माझा प्रश्न विचारला, तर ती जरा थांबली आणि म्हणाली, ‘दादा, ते सुद्धा नको हं. तिथे राहते म्हणूनच तर मला हे कळलं.’

मी ‘सुद्धा’ खोडलं, ‘छोट्या’ही खोडलं. (मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला मिळालं १६६८ मध्ये. त्याआधीच राजापुरात इंग्रजांची वखार होती आणि महाराजांनी १६६१ मध्ये ती लुटूनही झाली होती. छोटं म्हणे!) उरलं ते असं: ‘या राजापुरात राहतात. पुराच्या दिवसांत उघडतील अशा वेबसाइट्स बनवतात. आज त्या कशा बनवायच्या ते मराठीत सांगतील.’ तीन वाक्यं. पंचेचाळीस सेकंदही लागले नाहीत.

मराठीत म्हटल्यावर मागच्या रांगेतले दोघं उठून गेले. बाकीचे राहिले. टॉकनंतर प्रश्न इतके आले की जेवणाची वेळ पुढे ढकलावी लागली आणि केटररने मला झापलं.

यंदाच्या प्रस्तावाच्या फॉर्मवर भाषेचा रकाना आहे: मराठी, हिंदी, इंग्रजी, मिसळ, काहीही चालेल. कमिटीत तीही आहे. गेल्या आठवड्यात एका गुळगुळीत इंग्रजीतल्या प्रस्तावाला आम्ही सगळ्यांनी चार-चार गुण दिले होते. तिने दोन दिले आणि पुढे लिहिलं, ‘वाचायला छान आहे. यांनी हे स्वतः केलंय का, ते फोन करून विचारू या.’