हे मात्र इथलंच

मे 2020. लॉकडाऊनमुळे आजी आमच्या विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये अडकली होती. मार्चमध्ये डोळे दाखवायला म्हणून आली, आठ दिवसांत परत जाणार होती, आणि आता तिसरा महिना उजाडला होता. माझं वर्क फ्रॉम होम डायनिंग टेबलवर चालायचं. ती गॅलरीत खुर्ची टाकून बसायची. लोहगावची विमानं बंद होती, त्यामुळे आमच्या इमारतीवर कधी नव्हे एवढी शांतता होती.

त्याच आठवड्यात टीव्हीवर टोळधाडीची बातमी आली. राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून टोळ अमरावती-नागपूरकडे उतरले होते. मी आजीला सांगितलं, की हे दिवसाला दीडशे किलोमीटरपर्यंत उडू शकतात. मला वाटलं, ती घाबरेल. ती पडद्याकडे बघत म्हणाली, "टोळ येतंय आन् जातंय. आमचं त्ये बिनपंखाचं बरं का, त्ये इथलंच. कुटं जात न्हाई." मग लगेच, "रोहिण्या लागल्यात. मला घरी सोड."

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, विजापूरच्या सीमेला लागून. 'बिनपंखाचं' म्हणजे काय, हे मी तेव्हा विचारलं नाही. कॉल सुरू होता.

तीन वर्षांनी, सप्टेंबरमध्ये, आम्ही काही मित्र साताऱ्याजवळच्या एका सड्यावर गेलो होतो. सगळे फुलांचे फोटो काढत होते. मला जांभ्या दगडावर एक नाकतोडा दिसला. त्याला पंख नव्हते. पाठीवर फक्त दोन छोटे कोंब. मी फोटो काढला आणि रात्री आयनॅचरलिस्टवर टाकला. खाली लिहिलं : उडता न येणारी प्रजाती? दुर्मीळ?

सकाळी कुणीतरी उत्तर दिलं होतं : हे पिल्लू आहे.

नाकतोड्याची सगळी पिल्लं बिनपंखांचीच असतात. कात टाकत टाकत ती मोठी होतात आणि शेवटच्या कातीनंतर पंख उघडतात. मग फरक ओळखायचा कसा? त्या भल्या माणसाने तेही सांगितलं. मोठ्या पिल्लाच्या पाठीवर मागच्या पंखांचे कोंब वर असतात आणि पुढच्या पंखांचे त्याखाली झाकलेले असतात. प्रौढ झाल्यावर हा क्रम उलटतो, पुढचे पंख वर येतात. त्यामुळे आखूड पंखांचा नाकतोडा दिसला, तर आधी बघायचं कुठला थर वर आहे. मी फोटो झूम केला. मागचे वर होते. पिल्लूच.

पण मग खरे बिनपंखी नाकतोडे असतात कुठे? शोधायला लागलो आणि पहिलंच उत्तर आजीच्या शेतात सापडलं.

कोलेमानिया स्फेनारिऑइडिस. इंग्रजीत त्याला चक्क 'दख्खनचा बिनपंखी नाकतोडा' म्हणतात. कर्नाटक-महाराष्ट्राच्या पठारावर ज्वारी-बाजरीवर पडणारी जुनी कीड. पहिला पाऊस पडला की अंडी फुटतात, पावसाळाभर खाऊन तो मोठा होतो, पावसाळा सरला की मादी जमिनीत अंडी घालते आणि प्रौढ मरून जातात. पुढचे सहा-सात महिने ती पिढी मातीतच असते. म्हणून उन्हाळी नांगरट महत्त्वाची. अंडी वर येतात, उन्हाने वाळतात, पाखरं टिपतात. आजीला रोहिण्या लागताच घरी का जायचं होतं, ते मला तीन वर्षांनी कळलं. पाऊस यायच्या आत तिला नांगरट बघायची होती.

कोलेमानिया हे नाव म्हैसूर संस्थानाच्या शेती खात्यातल्या लेस्ली कोलमन या कॅनेडियन शास्त्रज्ञावरून आलं. 1910 मध्ये ते दिलं माद्रिदच्या इग्नासिओ बोलिव्हार यांनी. यादवी युद्धानंतर नव्वदीला टेकलेल्या या माणसाला स्पेन सोडावं लागलं आणि 1944 मध्ये मेक्सिकोत त्यांचा मृत्यू झाला. दख्खनची माती न सोडणाऱ्या किड्याला नाव देणाऱ्याला शेवटी समुद्र ओलांडावा लागला.

पंख जातात कसे, हा प्रश्न डार्विनलाही पडला होता. 1859 च्या पुस्तकात त्याने मदेरा बेटाचं उदाहरण दिलंय : तिथल्या भुंगेऱ्यांच्या 550 जातींपैकी 200 जातींना उडता येत नाही. त्याचा अंदाज असा, की जे उडतात ते वाऱ्याने समुद्रात जातात आणि न उडणारे मागे उरतात. दुसरं कारण हिशेबाचं. उडण्याचे स्नायू बांधायला आणि पोसायला शरीराला फार खर्च येतो. बऱ्याच कीटकांत दिसतं, की न उडणारी मादी लवकर किंवा जास्त अंडी घालते. जागा टिकाऊ असेल आणि खायला पायाशीच असेल, तर पंखांवरचा खर्च वाया जातो.

डोंगरमाथ्यावर या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. वारा, थंडी, वाढीला मिळणारे थोडे महिने. म्हणून जगभरच्या उंच डोंगरांवर न उडणारे नाकतोडे सापडतात. ऑस्ट्रेलियाच्या बर्फाळ डोंगरांत कॉसिउस्कोला ट्रिस्टिस नावाचा एक आहे. त्याचा नर थंडीत काळपट असतो आणि पारा 25 अंशांच्या वर गेला की निळाशार होतो.

पण पंख गेले की आणखी एक गोष्ट होते, आणि ती मला माझ्या कामामुळे पटकन समजली. एकाच कोडच्या दोन ब्रँच काढल्या आणि कित्येक महिने मर्ज केल्याच नाहीत, तर काय होतं? दोन्ही आपापल्या जागी नीट चालतात, पण एकत्र आणायला गेलं की सगळं मोडतं. एका शिखरावरचा नाकतोडा शेजारच्या शिखरावर जाऊ शकत नाही. मधली दरी त्याच्यासाठी समुद्रच. अमेरिकेच्या रॉकी पर्वतात लेसी नोल्स यांनी मेलानोप्लस वंशाच्या अशाच नाकतोड्यांचा जनुकीय अभ्यास केला. दिसायला जवळपास सारख्या, नराच्या जननेंद्रियावरूनच नीट ओळखता येणाऱ्या या जाती हिमयुगांच्या काळात वेगळ्या झाल्या. बर्फ वाढला की खाली सरकायचं, वितळला की पुन्हा आपापल्या माथ्यावर.

आणि मर्ज? तेही आल्प्समध्ये बघायला मिळतं. पोडिस्मा पेडेस्ट्रिस या न उडणाऱ्या नाकतोड्याचे दोन गट तिथे आहेत, गुणसूत्रांची रचना वेगळी असलेले. हिमयुगानंतर पसरत पसरत ते एकमेकांना भेटले. त्यांच्या संकरातून होणारी पिल्लं कमजोर निघतात. त्यामुळे हजारो वर्षं शेजारी राहूनही दोघांच्या मिसळण्याचा पट्टा जेमतेम 800 मीटर रुंद आहे. विश्रांतवाडी चौकातून चालत निघालं, तर दहा मिनिटांत संपेल एवढा.

सह्याद्रीत उंचीमुळे काय होतं, हे पक्ष्यांवरूनही कळतं. पालघाटची खिंड साधारण तीस-चाळीस किलोमीटर रुंद. तिच्या उत्तरेला आणि दक्षिणेला, उंचावरच्या शोला जंगलांत राहणारे निळे छोटे पक्षी आज दोन वेगळ्या जाती मानल्या जातात. पंख असून त्यांनी ती खिंड ओलांडली नाही. मग ज्याला पंखच नाहीत त्याचं काय? आपले सडेही बेटांसारखेच आहेत. माथ्यावर जांभ्याचं सपाट पठार, भोवती कडे, खाली जंगल किंवा शेती. पश्चिम घाट 2012 मध्ये जागतिक वारसा झाला, त्यात कासही आहे. पण प्रत्येक सडा कास नाही. काहींवर रस्ता जातो, काहींवर रिसॉर्ट होतं. उडणारा कीटक उठून दुसरीकडे जाऊ शकतो. न उडणाऱ्याकडे फक्त तेवढाच सडा असतो. आणि हवा तापत गेली तर माथ्यावरच्याला आणखी वर जायला जागा नसते.

पंखांवरचा खर्च वाचवण्याचा हा सौदा जागा जाग्यावर आहे तोवरच फायद्याचा.

हे सगळं वाचताना मला आजी आठवत होती. तिला कायमचं पुण्यात आणायचं आमच्या घरात दरवर्षी ठरतं. लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, एक खोली रिकामी आहे. दरवर्षी ती विचारते, "तितं मी काय करू?" आम्ही तो हट्ट समजायचो. आता मला तो साधा प्रश्न वाटतो आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. कुठल्या तुकड्यात अंडी जास्त, कधी नांगर घालायचा, कुठला बांध आधी खाल्ला जातो, हे तिने साठ वर्षांत साठवलंय आणि ते त्या सात एकरांतच चालतं. पण विहीर मात्र आता जानेवारीतच आटते. म्हणून तिला तिथे राहू द्यावं, असंही मला ठामपणे म्हणता येत नाही.

2020 मध्ये बाबांनी पास काढून जूनच्या आधी तिला गावी सोडलं. आम्ही निघालो त्या सकाळी विमानं पुन्हा सुरू झाली होती. एक अगदी डोक्यावरून गेलं. आजीने वर बघितलंच नाही. ती पिशवीत बियाणं मोजत होती.

मी अजून दर सप्टेंबरला सड्यावर जातो. बिनपंखी नाकतोडा दिसला की गुडघ्यावर बसतो आणि झूम करतो. मागचे कोंब वर, म्हणजे पिल्लू. आतापर्यंत सगळी पिल्लंच निघालीत.