बीसबरी कसा मेला?

सुट्टीत माझ्या मुलीने जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचं 'फायर अँड ब्लड' वाचायला घेतलं आणि दोनच दिवसांत वैतागून माझ्याकडे आली. "अब्बू, हा माणूस एकच प्रसंग तीन-तीन वेळा सांगतो. खरं काय, ते मात्र सांगतच नाही."

मग मीही ते वाचलं. २०१८ साली आलेलं हे पुस्तक कादंबरीपेक्षा बखरीसारखं आहे. वेस्टरोस या काल्पनिक देशातला गिल्डेन नावाचा विद्वान जुन्या राजघराण्याचा इतिहास लिहितो आहे. राजा विसेरीसने मुलगी रेनीराला वारस नेमलं, सरदारांकडून शपथा घेतल्या. पुढे दुसऱ्या राणीपासून मुलगे झाले, तरी त्याने निर्णय बदलला नाही. त्यांच्या सनाच्या १२९व्या वर्षी राजा वारला. राणीने बातमी दाबून ठेवली आणि आपल्या मुलाला गादीवर बसवण्यासाठी बैठक बोलावली. तिथे म्हाताऱ्या खजिनदाराने, लायमन बीसबरीने, शपथेची आठवण करून दिली. त्याचा जीव गेला.

कसा गेला? बैठकीला हजर असलेला ऑरवाइल पुढे कैदेत असताना लिहितो की, बीसबरीला कोठडीत टाकलं आणि तो तिथे थंडीतापाने वारला. राजवाड्यातला धर्मगुरू युस्टेस म्हणतो, सर क्रिस्टन कोलने जागच्या जागी त्याचा गळा चिरला. विदूषक मशरूम म्हणतो, कोलने त्याला खिडकीतून खाली फेकलं. २०२२च्या मालिकेत तर चौथीच तऱ्हा दाखवली आहे.

"म्हणजे कधीच कळणार नाही," मुलगी म्हणाली.

हे वाक्य मी आमच्या घरात फार वेळा ऐकलं आहे.

दादाजान गेल्यावर घराची वाटणी झाली. अब्बा सांगायचे, फुफीने राजीखुशीने हक्कसोडपत्रावर सही केली. चाचा म्हणतात, तिच्या लग्नाचा खर्च हिश्श्यातून वळता केला होता. अम्मी हळू आवाजात सांगते की, तो कागद तिला कुणी वाचूनच दाखवला नाही. विषय निघाला की कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे, नक्की काय झालं, ते आता कुणाला ठाऊक?" मग चहा येतो.

गिल्डेनने एक गोष्ट चांगली केली आहे. तिन्ही हकिकती शेजारी शेजारी मांडून तो सांगतो की, एका मुद्द्यावर तिघांचंही एकमत आहे: त्या यादवीतला पहिला बळी बीसबरीच. ऑरवाइलला स्वतःचा जीव वाचवायचा होता, मशरूमला चटकदार किस्सा हवा होता. प्रत्येकाचा हेतू वेगळा होता आणि तरीही एवढी गोष्ट कुणालाच लपवता आली नाही. कोठडी, सुरी की खिडकी, हा वाद शिल्लक राहील. शपथेची आठवण देणारा माणूस मेला, यात वाद नाही.

मी आमच्या तीन हकिकती तशाच शेजारी शेजारी ठेवल्या. सही, खर्च, न वाचलेला कागद. तिन्हींत एक गोष्ट समान निघाली: फुफीला काही मिळालं नाही. कुराणाने मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. रेनीराच्या गादीबद्दल मी मुलीशी तावातावाने बोललो होतो, तिच्यावर अन्याय झाला म्हणून. बोलत होतो ते दादाजानच्याच ओसरीवर बसून.

इतिहास संदिग्ध आहे, असं म्हणताना आपण प्रामाणिक असतो, असं मला वाटायचं. कधी कधी असतोही. पण ज्याच्या ताब्यात घर आहे, त्याला संदिग्धता फार सोयीची असते.

फुफी हयात आहे, दोन तासांच्या अंतरावर राहते. तिला विचारलं असतं, तर चौथी हकिकत केव्हाच मिळाली असती. रविवारी जातो आहे. तो कागद सोबत नेणार आहे, तिला वाचून दाखवायला.