आकड्यांवर वाकलेली माणसं

एडवर्ड मुंकची ‘किंकाळी’ शोधत होतो आणि कॉलेजच्या ग्रंथालयातल्या त्या जाडजूड पुस्तकात आधी हाती लागलं ते त्याचं १८९२चं रुलेटचं चित्र. माँटे कार्लोचा कॅसिनो, हिरवं टेबल, त्यावर वाकलेली माणसं, चेहरे पुसट. मुंक प्रतीकवादी, एवढं परीक्षेपुरतं ठाऊक होतं. म्हणजे हिरवा रंग लोभाचा, पुसट चेहरे अधोगतीचे. पान उलटलं.

आमच्या काकांना मटक्याचा नाद होता. गिरणी सुटली की कोपऱ्यावर आकडा लावायचा आणि रात्री ओपन-क्लोजची वाट बघत जागायचं. आलेले आकडे ते वहीत उतरवून ठेवत, तारीखवार, वळणदार अक्षरात. काकू म्हणायची, “एवढं शाळेत लिहिलं असतंत तर मास्तर झाला असतात.”

काका गेले. ती वही चाळताना मला पुन्हा ते चित्र आठवलं, काढून पाहिलं. या खेपेस टेबलाभोवती दिसली ती कामात गढलेली माणसं. रुलेट खेळणारेही आलेले आकडे टिपून ठेवतात. चाकावर शून्यापासून छत्तीसपर्यंत ३७ घरं, नेमका आकडा लागला तर ३५ पट पैसे. चोख हिशेबानं ३६ पट हवेत. या एवढ्याशा फटीतून कॅसिनोचं पोट भरतं. चाकाला मात्र मागचं काहीच आठवत नाही. खुद्द मोनाकोच्या नागरिकांना तिथं खेळायला बंदी आहे. यजमान शहाणा!

मुंकही तिथं खेळायचा. सरकारी शिष्यवृत्तीवर तो नीसला राहत होता. ‘किंकाळी’ ज्यातून उगवली ती रक्ताळलेल्या आकाशाची नोंद त्याच मुक्कामातली, २२ जानेवारी १८९२ची. मला आता रुलेटचं चित्रच अधिक भिववतं. तिथं कुणी ओरडत नाही. सगळे मन लावून बसलेत, आणि आशा माणसाला किती कष्टाळू करते, हे काकांच्या वहीनं मला आधीच दाखवलं होतं.

काकांचा नातू मोबाइलवर क्रिकेटचे संघ लावायचा. खेळाडूंच्या मागच्या धावांचे तक्ते त्यानं अजून जपलेत. परवा त्याला चित्र दाखवलं.

“यात जिंकतंय कोण?” त्यानं विचारलं.

“शोध,” म्हटलं.

त्यानं एकेक चेहरा मोठा करून पाहिला आणि मग म्हणाला, “जरा क्लिअर फोटो नाही का?”