गाडीवरची पाटी

स्वारगेटला 'एजंट' या शब्दाचा अर्थ कोणी कोशात पाहत नाही. तुम्ही रिक्षातून उतरता न उतरता तोच "कोल्हापूर, कोल्हापूर! लगेच निघतेय!" असे ओरडत जो तुमच्या पिशवीला हात घालतो, तो एजंट! माझी भाकरी मात्र हल्ली निराळ्याच एजंटांवर चालते. हे संगणकातले. त्यांना सांगावे, "शुक्रवारी कराडला जायचे आहे, खिडकीजवळची जागा पाहा," की ते आपले आपण ब्राउझर उघडतात, रकाने भरतात, बटणे दाबतात.

हे सारे ते अवजारांनी करतात. धंद्यातल्या भाषेत 'टूल'. पान उघडण्याचे एक, बटण दाबण्याचे एक, पान वाचून आणण्याचे एक. मायक्रोसॉफ्टच्या २०२० सालच्या प्लेराइटवर बेतलेला असा एक संच पुष्कळांच्या वापरात आहे. अशी अवजारे एजंटापुढे कशी मांडावीत याची एक रीत अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हे तिचे नाव. गंमत अशी, की अवजाराच्या पोटात काय आहे ते एजंटाला सहसा दिसत नाही. त्याच्यापुढे येते ते अवजाराचे नाव, चार ओळींचे वर्णन आणि त्याला काय काय पुरवायचे त्याची यादी. त्या चार ओळी लिहिणे हा माझा व्यवसाय.

या विद्येची शाळा म्हणाल तर स्वारगेटचे स्थानक. एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेली. तेव्हापासून गाड्यांवर पाट्या लिहिणाऱ्यांची कोणत्याही वाङ्मयेतिहासात नोंद नाही. पण शब्दांची काटकसर पाहावी ती त्यांचीच! 'पुणे–कोल्हापूर' ही झाली माहिती. त्याखालचा 'विनाथांबा' हे खरे शहाणपण. कोल्हापूरला जाणाऱ्याला त्या शब्दावाचून फारसे अडत नाही. तो लिहिलेला असतो कराडला उतरणाऱ्यासाठी. ही गाडी तुझ्या गावावरून जाईल, पण ती तुझी नव्हे, असे तो शब्द सांगतो.

अशाच एका गाडीत मी एका आजींना चढताना पाहिले. त्यांना अक्षरओळख नव्हती. "कोल्हापूरची ना? मग वाटेत कराड येतंच की!" तर्क अगदी निर्दोष! कंडक्टरने हात धरून त्यांना उतरवले आणि पलीकडच्या गाडीत बसवले. माझ्या एजंटाचा तर्कही असाच निर्दोष असतो. पण त्याच्यापाशी कंडक्टर असेलच असे नाही. पाटीवर जे लिहिलेले नाही, ते तो अंदाजाने भरून काढतो आणि निःशंकपणे पुढे जातो.

मध्यंतरी एका अवजाराचे वर्णन माझ्याकडे दुरुस्तीला आले. 'आरक्षण हाताळते', एवढेच! हाताळते म्हणजे काय हो? दाखवते, करते, की मोडते? मी लिहिले: 'दिलेल्या क्रमांकाचे आरक्षण रद्द करते. रद्द झालेली जागा परत मिळेलच असे नाही. नुसते पाहायचे असल्यास हे वापरू नये. प्रवाशाला विचारल्यावाचून वापरू नये.' दिवाळीच्या गर्दीत त्या एका क्रियापदावर कोणाची तरी भाऊबीज अवलंबून असते. ताट सजवून बहीण वाट पाहत असावी आणि भाऊ बिचारा स्वारगेटच्या फलाटावर!

बाकीच्या गोष्टीही अशाच. '५-११' म्हणजे पाच नोव्हेंबर, की अकरा मे? म्हणून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, असा क्रम सांगावा. खेड पुणे जिल्ह्यात आहे, तसे रत्नागिरीतही आहे. कर्जत रायगडात आहे, तसे अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. म्हणून जिल्हाही मागावा. पान बदलले की बटणांचे आधीचे क्रमांक धरून चालू नये, पान पुन्हा वाचावे, हेही लिहावे. फलाट बदलल्याची घोषणा झाली की जुन्या फलाटावर उभे राहण्यात काय हशील? मात्र सगळेच लिहीत सुटू नये. पाटीवर रामायण लिहिले, तर वाचणाऱ्याची गाडी निघून जायची!

मला वाटते, लिहिणाऱ्याला सारे ठाऊक असते हीच यातली खरी अडचण आहे. आमच्या घरी फराळाच्या दिवसांत 'भाजणी' अशी चिठ्ठी लावलेले दोन डबे शेजारी शेजारी असत. कोणत्या डब्यात काय, ते आईला वासावरून कळे. यंदा घरात नवी सून आली आहे. काल पाहिले, तर आईने एका डब्यावरची चिठ्ठी बदलली होती: 'चकलीची भाजणी. थालीपिठाची नव्हे.'